काठ कधी ढासळतो : सीनाकाठच्या दरडीवरील प्रकल्पाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

सीना नदीचा पूर ओसरून आठवडा होत आला. सोलापुरातून विजयपूर रस्त्याने वडकबाळच्या बाजूला जाताना उसाच्या शेंड्यांना अडकलेल्या काडीकचऱ्यावरून पाणी कुठवर चढले होते ते सहज ओळखू येते. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील अकरावीच्या एका विद्यार्थ्याच्या चुलत्यांचे रान नदीला लागून आहे. पाच विद्यार्थी आणि मी असे सहा जण तेथे गेलो. यंदाच्या प्रकल्पासाठी पूर हा विषय मुलांनीच निवडला होता. त्यांच्या मनात पुलाची उंची, पाण्याचा वेग, पूररेषा असे नेहमीचे मुद्दे होते, पण तात्यांनी (त्या मुलाचे चुलते, सगळे त्यांना तात्याच म्हणतात) आम्हाला दरडीवर नेऊन उभे केले आणि विषयच बदलला.

त्यांच्या रानाची नदीकडची साधारण पाच मीटर रुंदीची पट्टी गेली आहे. पंचनाम्यात तिची नोंद ‘खरडून गेलेली जमीन’ अशी झाली. तात्यांना हा शब्द पटत नाही. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो : “सर, खरडून कुठं गेली? चढत्या पाण्यानं माझं ढेकूळ हलवलं न्हाई. तीन दिवस पाणी रानात हुतं, तवाबी दरड जागेवर हुती. पाणी पात्रात उतरलं आन मग भसाभसा सुटली. दोन तुकडं तर पाणी पार खाली गेल्यावर पडल्यात.”

मुलांपैकी एकीने लगेच विचारले की, जोर तर भरल्या पाण्याचा असतो, मग काठ ओसरत्या पाण्यात का पडावा? उत्तर ढोबळमानाने मला ठाऊक होते, तरी मी दिले नाही. हाच प्रकल्प करायचा असे परतीच्या वाटेवर ठरले.

पाहिलेले असे. दरड सुमारे चार मीटर उंच आणि जवळजवळ उभी आहे. वरचा तीन मीटरचा थर काळ्या मातीचा असून त्याखाली हाताने उकरता येईल अशी बारीक वाळू आहे. पडलेले तुकडे फरशीसारखे सपाट पाठीचे आहेत, म्हणजे ते काठाला समांतर असलेल्या भेगेवरून सुटले असावेत. प्रवाहाने कुरतडलेल्या काठाला अशी सपाट पाठ येत नाही.

पुराबद्दलही दोन वाक्ये नोंदवून ठेवतो. सोलापूरकराच्या डोक्यात पूर म्हटला की भीमा आणि तिच्यावरचे उजनी धरण येते, आणि भीमेचे पाणी प्रामुख्याने सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे असते. सीनेचे तसे नाही. ती अहिल्यानगर जिल्ह्यात पर्जन्यछायेच्या प्रदेशात उगम पावते, करमाळा, माढा, मोहोळ आणि पुढे उत्तर व दक्षिण सोलापूर तालुक्यांतून वाहत हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते, आणि एरवी तिच्या पात्रात बंधाऱ्यांमागचे पाणी सोडले तर फारसे काही नसते. यंदा मराठवाड्याच्या बाजूला पडलेला पाऊस आणि सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून सोडावे लागलेले पाणी एकत्र आले, तेव्हा लांबोटीजवळ पुणे महामार्ग आणि वडकबाळजवळ विजयपूर महामार्ग असे दोन्ही रस्ते बंद करावे लागले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

रानातून आणलेल्या मातीचे चार नमुने एक लिटरच्या बाटल्यांत पाण्याबरोबर हलवून ठेवले : दरडीचा वरचा थर, दरडीखालची वाळू, नदीलगत साचलेला ताजा गाळ, आणि नदीपासून दोनशे पावलांवरचा गाळ.

वाळूची बाटली आम्ही वहीत तारीख लिहीपर्यंत निवळली होती. नदीलगतच्या गाळात खाली वाळूचा बोटभर थर, वर पोयट्याचा थर असे संध्याकाळपर्यंत स्पष्ट दिसू लागले. दूरच्या गाळात वाळू जवळजवळ नाहीच, आणि काळ्या मातीच्या बाटलीतील पाणी संध्याकाळीही चहासारखेच होते. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमाने मुलांनी हिशेब केला. कणाचा व्यास दहापट कमी झाला की स्थिर पाण्यातील त्याचा खाली बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. एक मीटर खाली बसायला ०.१ मिलिमीटरच्या वाळूच्या कणाला साधारण दोन मिनिटे लागतात, ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला तीन तास, आणि ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून अधिक. पुराचे पाणी काठ ओलांडून रानात पसरले की त्याचा वेग मोडतो आणि वाळू तेथेच, काठाशी पडते. बारीक गाळ मात्र पाणी जाईल तितक्या दूर जातो. नदीलगतची जमीन मागच्या जमिनीपेक्षा किंचित उंच का असते, याचे कारण मुलांना बाटल्यांतच मिळाले.

काळ्या मातीच्या बाटलीत एकाने तुरटी फिरवली. अर्ध्या तासात पाणी निवळले. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे साठवणीच्या पिंपात तुरटी फिरवणे कोणाला शिकवावे लागत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

नदी आणि तिचा काठ लहान करून पाहण्यासाठी पेटी तयार झाली : लांबी २.४ मीटर, रुंदी ६० सेंटीमीटर, खोली ३० सेंटीमीटर. तळाला आणि तीन बाजूंना प्लायवूड असून आत ताडपत्रीचे अस्तर आहे, आणि चौथ्या बाजूला जुन्या कपाटाची काच बसवली आहे. काठाच्या पोटात काय चालते ते काचेतून दिसावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. भरल्यावर पेटी तीनशे किलोंच्या वर जाणार असल्याने गच्चीचा बेत सोडून ती तळमजल्याच्या मागच्या ओसरीत ठेवली.

पाणी खेळते ठेवण्यासाठी कूलरचा पंप वापरला आहे. दहा लिटरची बादली भरायला पंचेचाळीस सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला पाव लिटरपेक्षा थोडे कमी पाणी मिळते. खालच्या तोंडाला वरखाली सरकणारी फळी बसवली आहे, जेणेकरून पाणी हवे तेवढे तुंबवता येईल.

पेटीला शंभरास दोन असा उतार दिला, तेव्हा एका मुलाने बरोबर अडवले. सीनेचा उतार इतका तीव्र नाही, मग हे खोटे नाही का? पाण्याची तळावरील ओढ खोली आणि उतार यांच्या गुणाकारावर ठरते, ही गोष्ट फ्रेंच अभियंता द्यु बॉय यांनी १८७९ मध्ये मांडली. पाच मीटर खोल पाणी दोन हजारास एक अशा सौम्य उतारावरून वाहत असेल, तर त्याच्या ओढीने अडीच-तीन सेंटीमीटरचे गोटेही सरकू लागतात. आमच्या पेटीत पाणी सेंटीमीटरभरच खोल राहणार, म्हणून शंभरास दोनचा उतार देऊनही हलतील ते फार तर दोन-अडीच मिलिमीटरचे खडे. नदीइतका सौम्य उतार ठेवला असता तर वाळू जागची हललीच नसती. नदी लहान करताना सगळ्याच गोष्टी एका मापाने लहान होत नाहीत. पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांची आणि नद्यांची प्रतिरूपे बांधून अभ्यास होतो, त्यांनाही हाच पेच सोडवत बसावे लागते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नुसत्या वाळूत नदी सोडून पाहिली. वळणे घेणारी नदी मिळेल अशी मुलांची अपेक्षा होती, पण तासाभरात पात्र पसरट होऊन चार फाटे फुटले आणि त्यांच्यामध्ये वाळूची बेटे तयार झाली. वाळूला स्वतःचा काठ उभा धरता येत नाही, त्यामुळे पाणी आडवे पसरते. वळण टिकायला धरून राहणारा काठ लागतो.

पोटॅशियम परमँगनेटचे खडे एका वळणाच्या तळाशी ठेवले, तेव्हा जांभळी रेघ बाहेरच्या काठाकडे न जाता तळातून आतल्या काठाकडे वळली. वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळून खाली दबते आणि तळाचे मंद पाणी गाळ घेऊन आत सरकते. आतल्या बाजूला वाळूचा पट्टा आणि बाहेरच्या बाजूला डोह तयार होतो तो यामुळे. तात्यांचे रान बाहेरच्या काठावर आहे, हे आमच्यापैकी कोणीच पहिल्या दिवशी वहीत लिहिले नव्हते. आज लिहिले.

दिवाळीची सुट्टी.

१ नोव्हेंबर, शनिवार

तात्यांच्या रानातली काळी माती भिजवून, तुडवून तिचा अठरा सेंटीमीटर उंचीचा उभा काठ केला. पंप पूर्ण सोडून दोन तास पाणी काठाला लावून वाहू दिले. काठाला काहीही झाले नाही. पाणी गढूळसुद्धा फारसे झाले नाही.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील फिलिप युलस्ट्रॉम यांनी १९३५ मध्ये काढलेला आलेख फळ्यावर काढला. कण जितका बारीक तितका तो वाहून न्यायला सोपा, इथपर्यंत अंदाज बरोबर येतो, पण तो मुळात सुटा करायला किती वेग लागतो हे पाहिले तर सर्वांत सहज सुटते ती बारीक वाळू. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसलेले असल्याने ते सोडवायला वाळूपेक्षा जास्त वेग लागतो. चढत्या पाण्याने ढेकूळ हलले नाही, हे तात्यांचे अर्धे विधान येथवर खरे ठरले.

उरलेले अर्धे मात्र अडले. पाणी भरून तुंबवले, तासाभराने एकदम सोडून दिले, तरी काठ पडला नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मुलांनी काठावर विटा ठेवल्या, तेव्हाही तो तसाच उभा. सायंकाळी सगळे हिरमुसून गेले.

९ नोव्हेंबर, रविवार

चूक सापडली. ती आमच्या मापातली होती.

उभा काठ स्वतःच्या वजनाखाली किती उंचीपर्यंत उभा राहू शकतो, हे मातीच्या चिकटपणाला तिच्या घनमीटरमागच्या वजनाने भागून आणि साधारण चारने गुणून काढता येते. दहा किलोपास्कल चिकटपणाची माती सुमारे दोन मीटर उंच उभी राहते. हीच माती अठरा सेंटीमीटरच्या काठात वापरली, तर तिला तिच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याएवढेही काम पडत नाही. वीस-बावीसपट लहान दरड करायची असेल, तर मातीही तितकीच कमजोर हवी. उंची आम्ही घटवली, मातीची ताकद मात्र खऱ्या दरडीचीच ठेवली, आणि मग काठ का पडत नाही म्हणून चकित झालो. मला हे आधी सुचायला हवे होते. मुलांसमोर तसे कबूल केले.

आता तीन भाग चाळलेली वाळू आणि एक भाग काळी माती असे मिश्रण केले आहे. बोटाने दाबले की मोडते, पण उभे राहते. या मिश्रणाला वाळल्यावर काळ्या रानासारख्या भेगा पडत नाहीत, ही त्याची उणीव आहे. म्हणून काठाच्या कडेपासून पाच सेंटीमीटर आत पत्र्याच्या पट्टीने काठाला समांतर भेग पाडायची, असे ठरले. ही बनावट भेग आहे, तशी नोंद निष्कर्षांत करायची.

काचेला लागून दर तीन सेंटीमीटरला पांढऱ्या रांगोळीची आडवी रेघ भरली आहे, म्हणजे काठ आतून सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. काठाच्या पोटात सलाईनच्या चार पारदर्शक नळ्या उभ्या रोवल्या आहेत. नळीतील पाण्याची पातळी म्हणजे मातीच्या आतील पाण्याची पातळी. ही कल्पना मोहोळहून ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनीची आहे आणि प्रकल्पातील सर्वांत उपयोगी वस्तू हीच ठरेल असे वाटते.

पंप दोनदा चिकणमातीने बसला. आता त्याच्या तोंडाला जुन्या सोलापुरी टॉवेलची दुहेरी घडी बांधली आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभरात तीन प्रयोग झाले, प्रत्येक वेळी काठ नव्याने बांधून. पाण्याची कमाल पातळी तिन्ही वेळा एकच, तळापासून पंधरा सेंटीमीटर.

पहिल्या प्रयोगात काठ बिनभेगेचा होता. पाणी तासभर तुंबवले आणि दहा मिनिटांत उतरवले. कडेपासून दहा सेंटीमीटरवरच्या नळीत पाणी जेमतेम तीन सेंटीमीटर चढले होते. काठाच्या पायथ्याची थोडी माती गळाली, बाकी काठ उभा राहिला.

दुसऱ्या प्रयोगात भेग होती, पण पाणी फक्त दहा मिनिटे ठेवून उतरवले. भेगेत पाणी शिरले, पण भेगेमागच्या मातीत ते पोहोचायला वेळ मिळाला नाही. रांगोळीची एक रेघ केसभर सरकली. काठ पडला नाही.

तिसऱ्या प्रयोगात भेगेसह काठ ठेवून पाणी तासभर तुंबवले. अर्ध्या तासातच नळीतील पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा दोनच सेंटीमीटर खाली राहिली, म्हणजे काठ पोटापर्यंत भिजला होता. मग फळी वर घेतली. दहाव्या मिनिटाला नदी रिकामी झाली, तेव्हा नळीतील पाणी नदीच्या पातळीपेक्षा नऊ सेंटीमीटर वर होते. आणि बाराव्या मिनिटाला साठ सेंटीमीटर लांबीचा तुकडा भेगेपासून सुटून, किंचित फिरून, पात्रात आडवा झाला. त्याची पाठ सपाट होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या अर्थात प्रयोगासाठी होत्या, पण तात्यांचा पुतण्या टाळ्या न वाजवता बघत राहिला, तेव्हा सगळे गप्प झाले.

आता कारण लिहितो, कारण मुलांनी त्याचे चित्र चुकीचे काढले होते. पाणी काठ ‘ढकलून पाडते’ असे त्यांनी बाण काढून दाखवले होते, पण भरलेल्या नदीचे पाणी काठाला बाहेरून टेकू देत असते. पात्रात पाणी असेपर्यंत भेगेतील पाण्याचा रेटा आणि नदीच्या पाण्याचा टेकू यांची बरोबरी होते. नदी उतरली की टेकू निघून जातो, आणि भेगेतील व मातीतील पाणी मात्र आतच अडकलेले राहते, कारण काळ्या मातीतून पाणी झिरपायला दिवस लागतात. शिवाय भिजलेली माती कोरड्या मातीपेक्षा जड असते आणि तिच्या कणांची एकमेकांवरील पकड आतल्या पाण्याच्या दाबामुळे सैल झालेली असते. रेटा किती असतो, याचाही हिशेब केला : तीन मीटर खोल भेग पाण्याने पूर्ण भरलेली असेल, तर दर मीटर लांबीच्या काठावर ती सुमारे साडेचार टनांचा आडवा रेटा देते. साडेचार टन म्हणजे उसाने भरलेल्या बैलगाडीहून कितीतरी जास्त वजन, आणि तेही प्रत्येक मीटरला.

तिन्ही प्रयोगांत पुराची उंची एकच होती. फरक पडला तो भेगेमुळे आणि पाणी किती वेळ थांबले त्यामुळे. पूर किती फूट चढला एवढेच आपण विचारतो, तो किती दिवस थांबला हे सहसा विचारत नाही. उन्हाळ्यात तापून भेगाळलेली काळी जमीन नदीकाठी असेल, तर तिच्यासाठी दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

एक गोष्ट अजून बसत नव्हती. पाणी पार खाली गेल्यावर, दोन-तीन दिवसांनीही तुकडे पडले असे तात्या म्हणाले होते. आमचा काठ बाराव्या मिनिटाला पडला.

दरडीखालची वाळू आम्ही पेटीत घेतलीच नव्हती. आज खाली पाच सेंटीमीटर बारीक वाळू आणि वर तेरा सेंटीमीटर मिश्रण असा काठ केला, आणि भेग मुद्दाम पाडली नाही. तासभर पाणी तुंबवून दहा मिनिटांत उतरवले. काठ पडला नाही, पण पंधरा-वीस मिनिटांनी पायथ्याशी वाळूच्या थरातून बारीक झरे फुटले. काठात मुरलेले पाणी वाळूच्या वाटेने बाहेर पडत होते आणि येताना वाळूचे कण घेऊन येत होते. पात्रात वाळूचे छोटे छोटे पंखे तयार झाले, वर चिकट थर तसाच राहिला, आणि त्याच्या पोटाखाली बोटभर पोकळी झाली.

सायंकाळी सात वाजता पंप बंद करून घरी आलो. एका मुलाचा मोबाईल चित्रीकरणासाठी काचेसमोर लावून ठेवला आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आठला ओसरीत आलो, तर चाळीस सेंटीमीटर लांबीचा काठ पात्रात पडलेला होता. पंप रात्रभर बंद होता. पात्रात थेंबभरही प्रवाह नव्हता. नदी वाहत नसताना काठ पडला.

मोबाईलची साठवण सव्वादोन तासांत भरून चित्रीकरण थांबले होते, आणि तोवर काठ उभा दिसतो. त्यामुळे तो रात्री नऊनंतर केव्हा पडला ते कळायला मार्ग नाही. ज्याचा मोबाईल होता त्याला सगळ्यांनी फार छळले. मी त्याला वाचवण्याचा विशेष प्रयत्न केला नाही.

७ डिसेंबर, रविवार

काठावर झाडे लावा, असे सगळेच सांगतात. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी एका काठावर हळीव पेरले होते. ते छान उगवले आणि मुळे चार सेंटीमीटर खोल गेली. प्रवाह सोडला तेव्हा हिरव्या काठाचा वरचा भाग उघड्या काठाच्या तुलनेत खूपच कमी झिजला. मात्र भेग पाडून तिसऱ्या प्रयोगाची पुनरावृत्ती केली, तेव्हा काठ हिरवळीसकट पडला. भेग अकरा सेंटीमीटर खोल होती, मुळे चारच. मुळे भेगेच्या किंवा घसरणीच्या पातळीच्या खाली पोहोचली तरच ती काठ शिवून धरतात. चार मीटरच्या दरडीला गवताची हिरवळ वरची माती धरून ठेवेल, दरड धरणार नाही. वाळ्याची मुळे तीन मीटरपर्यंत खोल जाऊ शकतात, म्हणून त्याचे नाव वहीत लिहून ठेवले आहे. हळिवाने वाळ्याविषयी काही सिद्ध होत नाही, हेही लिहून ठेवले आहे.

दगडी तोंड बांधायचे झाले, तर मागच्या पाण्याला वाट हवी. काठाला प्लॅस्टिकची सलग चादर लावून पाहिली, ती मागच्या पाण्याने फुगून सर्वांत आधी सुटली. त्याच चादरीला सुईने छिद्रे पाडून मागे खडी भरली, तेव्हा ती टिकली.

२१ डिसेंबर, रविवार

पाणी किती भरभर उतरते याचा परिणाम आज तपासला. नैसर्गिक पूर सहसा भरभर चढतो आणि हळूहळू उतरतो, कारण रानांत आणि ओढ्यांत मुरलेले पाणी नंतर दिवसेंदिवस नदीला येत राहते. वरच्या बाजूला धरण असेल, तर दरवाजे ज्या गतीने मिटतील त्या गतीने खालची पातळी उतरते. भेगेसह काठ ठेवून पाणी एकदा दहा मिनिटांत आणि एकदा टप्प्याटप्प्याने चार तासांत उतरवले. पहिला काठ पडला. दुसऱ्या वेळी नळ्यांतील पाणी नदीबरोबर खाली येत राहिले, फरक कधीच तीन सेंटीमीटरच्या पुढे गेला नाही, भेग थोडी रुंदावली आणि काठ राहिला.

यावर मुलांची चर्चा धरणवाल्यांना दोष देण्याकडे घसरू लागली, तेव्हा क्युसेकचा (सेकंदाला एक घनफूट पाणी) हिशेब करायला लावला. एक लाख क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला, तर सुमारे ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जाते. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातील जवळजवळ ६३ मृतसाठा आहे. विसर्ग शेवटी सावकाश कमी करायचा, तर तेवढे पाणी जास्तीचे सोडावे लागते, आणि पावसाळ्याच्या अखेरीस ते पुढच्या उन्हाळ्याचे पाणी असते. काठ वाचवायचा की साठा, हा वाद सोलापुरात बसून सोपा नाही.

फळीने पाणी तुंबवलेले असताना वाळू कुठे साचते हेही सहज दिसले. ती फळीपाशी न साचता, वाहते पाणी जेथे स्थिर पाण्याला मिळते तेथे, म्हणजे पेटीच्या वरच्या टोकाला त्रिकोणी ओट्यासारखी साचली. धरणातला भरड गाळ भिंतीशी असतो असे पाचांपैकी चौघांना वाटत होते. उजनीच्या फुगवट्याकडे, भिगवणच्या बाजूला, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर होते हे त्यांनी ऐकलेले होते, पण ही सांगड घातली नव्हती.

११ जानेवारी २०२६, रविवार

गड्ड्याच्या यात्रेसाठी शहरात आलेले तात्या दुपारी ओसरीत येऊन गेले. त्यांना तिसरा प्रयोग आणि वाळूच्या थराचा प्रयोग, दोन्ही करून दाखवले. काठ पडला तेव्हा ते काही बोलले नाहीत. मग नळीत वर राहिलेल्या पाण्याकडे बोट दाखवून विचारले, “ह्ये पाणी आधीच काढून दिलं तर?”

आम्ही तीन महिने काठ पाडण्यात गुंतलो होतो आणि हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता. लगेच वाळूच्या थरात काठाच्या आतून चार नळ्या आडव्या घातल्या. त्यांच्या तोंडाशी टॉवेलचा तुकडा बांधला, म्हणजे पाणी येईल पण वाळू येणार नाही. पाणी उतरवल्यावर नळ्यांतून धारा लागल्या, पायथ्याशी झरे फुटले नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत काठ उभा होता. एकाच प्रयोगावरून काही म्हणायचे नाही. चार मीटरच्या खऱ्या दरडीत अशा नळ्या घालायला किती खर्च येईल, आणि पुढच्या पुरात त्यांची तोंडे गाळाने बुजणार नाहीत का, हे दोन प्रश्न तात्यांनीच उभे केले.

तूर्त त्यांना इतकेच सांगता आले : कडेच्या भेगा उन्हाळ्याअखेर, पहिल्या पावसाआधी, माती घालून दाबून बुजवाव्यात, दरडीच्या कडेला पाण्याचा पाट नेऊ नये, आणि पूर उतरल्यावर निदान आठवडाभर कडेजवळच्या भेगेच्याही मागे, रानाच्या बाजूला जनावरे बांधावीत.

१८ जानेवारी, रविवार

पेटी रिकामी केली. उरलेली काळी माती पोत्यांत भरून रानात परत नेली. तात्यांनी ती मोजून घेतल्याचे नाटक केले.

दरडीच्या कडेपासून १, २, ३ आणि ५ मीटर अंतरावर, नदीला काटकोनात, बाभळीच्या खुंट्यांच्या दोन रांगा ठोकल्या आहेत. रांगांमधील अंतर दहा मीटर. खुंट्यांच्या माथ्यांना चुना लावला आहे आणि मोजमाप वडाच्या झाडापासूनही घेऊन ठेवले आहे, कारण खुंट्याच गेल्या तर मोजायला काही उरणार नाही. वरच्या रांगेत पहिल्या आणि दुसऱ्या खुंटीच्या दरम्यान, कडेपासून १.४ मीटरवर, काठाला समांतर अशी नवी भेग आताच दिसते. पट्टी तिच्यात पासष्ट सेंटीमीटर खोल गेली आणि मग अडली. पुढचे मोजमाप होळीनंतर.